नांदगावचा गणेश आणि आमच्या घरचा मंगळ

(द्वितीय वर्ष, कला)

२०२४ च्या जुलै महिन्यात आमच्या वर्गातील एका मैत्रिणीने पत्त्यांचा एक जोड आणला. खेळायचे पत्ते नव्हेत, भविष्य सांगणारे. मोबाइलवरून मागविलेले, सोनेरी कडांचे, मखमली पिशवीत ठेवलेले. एका पत्त्यावर सूर्य राजाच्या वेषात आणि चंद्र राणीच्या वेषात हातात हात घालून उभे होते. एकावर हिरवा सिंह सूर्याला गिळत होता. काहींवर ग्रहांच्या खुणा होत्या आणि काहींवर नुसतेच ठिपके. सोबतच्या पुस्तिकेत लिहिले होते की हे सारे युरोपातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या विद्यांवरून घेतले आहे : हलक्या धातूचे सोने करू पाहणारी किमया, फलज्योतिष, आणि मातीत ठिपके मारून शकुन पाहण्याची विद्या. मनात प्रश्न धरायचा, एक पत्ता ओढायचा आणि पुस्तिकेत उत्तर वाचायचे. रिकाम्या तासाला कँटीनमध्ये तिच्याभोवती ही गर्दी!

मीही एक पत्ता ओढला. माझ्या वाट्याला ठिपके आले. चार ओळी आणि प्रत्येक ओळीत दोन दोन, असे आठ. पुस्तिकेत त्याचा अर्थ दिला होता ‘गर्दी’. चारचौघे जातील तिकडे जावे, एकटीने वाट काढू नये, असे काहीसे. सगळ्या हसल्या. मी मनात कोणता प्रश्न धरला होता ते मी तेव्हा कुणाला सांगितले नाही. आता सांगते, कारण त्यावाचून पुढचे सारे वाचणाऱ्याला उगीचच वाटेल. मी विचारले होते, तृतीय वर्षाचा फॉर्म मी भरणार आहे का?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गाव ओवे, तालुका पनवेल. आजोबा भातशेती करीत. बाबा टेम्पो चालवितात. तीन वर्षांपूर्वी माझ्या ताईचे लग्न ठरत आले होते. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मग मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली. आमच्याकडे पत्रिका नव्हती, ती करून घेतली. तिच्यात मंगळ आठव्या घरात निघाला आणि त्यांच्याकडून निरोप आला की आमचा योग नाही. आजी म्हणते की तिच्या लग्नात कुणी पत्रिका पाहिली नाही. धवलारणींनी धवले म्हटले, अंगाला हळद लागली आणि लग्न झाले. पण आजीचे आता कोण ऐकतो! ताईच्या पाठोपाठ माझीही पत्रिका झाली. माझा मंगळ सातव्या घरात. तेव्हापासून बाबांच्या मनाने घेतले आहे की मंगळाच्या मुलीला स्थळे थोडी, म्हणून जे पहिले येईल ते हातचे सोडायचे नाही, मग शिक्षण दुसऱ्या वर्षाला थांबले तरी चालेल. बाबा वाईट नाहीत. ताईच्या वेळी ते आठ दिवस नीट जेवले नव्हते.

तर पत्त्यांची ही हकिगत इतिहासाच्या सरांच्या कानावर गेली. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला पत्ता पाहिला आणि हे ठिपके आपल्याकडेही आहेत, त्यांना रमल म्हणतात, असे सांगितले. मग जाता जाता म्हणाले की पाचशे वर्षांपूर्वीचे युरोप राहू दे. पाचशे वर्षांपूर्वी आपल्याच रायगड जिल्ह्यात एक मुलगा काय करीत होता ते ग्रंथालयात जाऊन पाहा. त्यांनी नाव दिले : गणेश दैवज्ञ.

ग्रंथालयात मला शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मिळाला. १८९६ साली निघालेला हा ग्रंथ मराठीत आहे, हे पाहून मला फार बरे वाटले. भाषा जुनी, आकडे फार. पहिल्या दिवशी मी चार पाने वाचली आणि दोन समजली. (दीक्षित मुरूडचे, पण ते दापोलीजवळचे मुरूड. मी दोन दिवस ते जंजिऱ्याचेच मुरूड समजत होते.) पुढे मी रोज जाऊ लागले. तिथून आणि इतर पुस्तकांतून जे मला समजले ते माझ्या भाषेत मांडते.

आधी ठिपक्यांचे. रमल हा शब्द अरबीतला. त्याचा अर्थ वाळू. वाळूत काठीने न मोजता ठिपके मारीत जायचे, मग मोजायचे. विषम आले तर एक ठिपका, सम आले तर दोन. असे चार वेळा केले की चार ओळींची एक आकृती तयार होते. प्रत्येक ओळीला दोनच पर्याय, म्हणून एकूण आकृत्या सोळा. आपल्याकडचे रमलवाले यासाठी पासेही टाकतात. ही विद्या अरबांकडून एका अंगाने युरोपात गेली आणि दुसऱ्या अंगाने हिंदुस्थानात आली. गंमत अशी की मला आलेल्या आठ ठिपक्यांच्या आकृतीला आपल्या रमलात जमात म्हणतात, म्हणजे तीच गर्दी! आणि एकेका ठिपक्याच्या आकृतीला तरीक, म्हणजे रस्ता. लॅटिन नावाचाही अर्थ तोच. जर्मनीतल्या आग्रिप्पा नावाच्या पंडिताचा गुप्तविद्येवरचा मोठा ग्रंथ १५३३ साली पुरा छापून झाला, आणि असल्या पत्त्यांचे बरेचसे मूळ तिथे सापडते. पण त्याच आग्रिप्पाने १५३० मध्ये साऱ्या विद्या कशा पोकळ आहेत हे सांगणारे दुसरे पुस्तक छापले होते आणि त्यात ज्योतिषालाही सोडले नव्हते. पुस्तिकेत ते नव्हते.

आग्रिप्पा हे लिहीत होता त्याच काळात, अलिबागहून मुरूडला जाताना काशीदच्या पुढे जे नांदगाव लागते तिथे, केशव दैवज्ञ नावाचे ज्योतिषी राहत होते. दैवज्ञ हे इथे जातीचे नाव नाही. दैव जाणणारा तो दैवज्ञ, म्हणजे जोशी. केशवांच्या वडिलांचे नाव कमलाकर, गुरूंचे वैद्यनाथ आणि पत्नीचे लक्ष्मी. केशवांनी बरेच लिहिले. मुहूर्तावर लिहिले, पत्रिका कशी मांडावी यावर लिहिले, ताजिकावर लिहिले. ताजिक म्हणजे अरब आणि इराणी लोकांकडून आपल्याकडे आलेला फलज्योतिषाचा प्रकार. नांदगावहून चौल काही लांब नाही आणि चौल हे तेव्हा भरभराटीचे बंदर. माल येत होता तशा विद्याही येत होत्या.

पण केशवांचे खरे काम वेगळे आहे. १४९६ साली त्यांनी ग्रहकौतुक नावाचा ग्रंथ केला. तो करताना त्यांना दिसले की पोथीतून गणित करून जिथे ग्रह यावा तिथे तो आकाशात नसतो. आपल्याकडे ग्रहगणिताच्या तीन मोठ्या परंपरा होत्या : सूर्यसिद्धान्ताची, आर्यभटाची आणि ब्रह्मगुप्ताची. तिन्ही पूज्य आणि तिन्हींचे उत्तर वेगळे. केशवांनी काय करावे? ते रात्री बाहेर बसले. कोणता ग्रह कोणत्या पोथीशी जुळतो हे डोळ्यांनी पाहून ठरवू लागले. आणि त्यांनी लिहून ठेवले की पुढच्या काळात पुन्हा फरक पडेल, तेव्हाच्या गणितज्ञांनी पुन्हा पाहावे आणि पुन्हा दुरुस्त करावे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. पोथी लिहिणारा माणूस स्वतःच सांगतो की माझी पोथी चुकेल!

यांचा मुलगा गणेश. जन्म सुमारे १५०७ चा मानतात. त्याच्याविषयी एक दंतकथा आहे. केशवांनी वर्तविलेले एक ग्रहण म्हणे चुकले आणि यवन राजाच्या दरबारी त्यांचा अपमान झाला. ते नांदगावच्या गणपतीपुढे जाऊन बसले, आणि देवच त्यांच्या पोटी जन्माला आला. कथा खरी असो वा नसो, तिच्यातली एक गोष्ट मला खरी वाटते. ग्रहण चुकले की ज्योतिष्याला तोंड लपवायला जागा नसते. लग्न टिकले नाही तर मुलीच्या नशिबावर ढकलता येते, पीक गेले तर पावसावर ढकलता येते. ग्रहण मात्र साऱ्या गावाला दिसते.

परंपरा सांगते की गणेशाने वयाच्या तेराव्या वर्षी ग्रहलाघव हा ग्रंथ रचला. ग्रंथातले गणित शके १४४२ पासून सुरू होते, म्हणजे इसवी सन १५२०. गणेश दैवज्ञाला मी अरेतुरे करते आहे याबद्दल गुरुजनांनी रागावू नये. तेरा वर्षांच्या मुलाला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नाही. मी तेरा वर्षांची होते तेव्हा, २६ डिसेंबर २०१९ ला, सकाळी सूर्यग्रहण होते. आजीने आम्हांला खिडक्या लावून घरात बसविले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात स्पर्श आणि मोक्ष मिनिटांसह छापले होते आणि त्याप्रमाणे ग्रहण सुटल्यावर आम्ही अंघोळी केल्या. ती मिनिटे कुणी काढली, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही.

गणेशाने बापाचे काम पुढे नेले. त्याने तिन्ही परंपरा समोर ठेवल्या आणि प्रत्येक ग्रहापुरता वेगळा निवाडा केला. सूर्य सूर्यसिद्धान्ताचा घेतला. चंद्रही तिथलाच, पण त्यातून नऊ कला वजा करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यभटाच्या परंपरेतून घेतले. शनीही तिथूनच, पण त्यात पाच अंश मिळवून. बुधासाठी ब्रह्मगुप्ताकडचा आकडा घेतला आणि शुक्रासाठी आर्य आणि ब्राह्म या दोघांच्या मधला. असे केले म्हणजे गणिताचा ग्रह आणि डोळ्यांना दिसणारा ग्रह एक होतात, हे त्याचे म्हणणे.

हे आकडे आपण वाचून पुढे जातो, म्हणून थोडे थांबून सांगते. आकाशात पूर्ण चंद्राची रुंदी साधारण अर्धा अंश असते. शनी पाच अंशांनी चुकला म्हणजे दहा चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढे अंतर होईल तेवढा चुकला. ते साध्या डोळ्यांना कळते. पण चंद्राच्या नऊ कला म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. एवढी बारीक चूक कळते कशी? तर ग्रहणाने. चंद्र सूर्यापासून दिवसाला सुमारे बारा अंश सरकतो. त्या हिशेबाने नऊ कलांना सुमारे अठरा मिनिटे लागतात, म्हणजे पाऊण घटका. पोथीने सांगितलेल्या वेळेला ग्रहण लागले नाही, पाऊण घटका मागेपुढे झाले, की चंद्रात नऊ कलांची चूक आहे. दंतकथेतल्या अपमानाचा आणि या नऊ कलांचा संबंध असेल का, हे मी सांगू शकत नाही. पण मला तो जोडून पाहायला आवडते.

दुसरी गोष्ट त्याने केली ती गणित सोपे करण्याची. पूर्वीच्या काही रीतींनी कोणत्याही दिवसाचे ग्रह काढायचे तर कलियुगाच्या आरंभापासूनचे दिवस मोजीत. १५२० साली ते सोळा लाखांहून अधिक भरत होते आणि एवढ्या आकड्यांचे गुणाकार भागाकार करीत बसावे लागे. गणेशाने अकरा वर्षांचे एक चक्र धरले, त्याचे दिवस ४०१६. चालू शकातून १४४२ वजा करा, अकराने भागा, भागाकार येईल तितकी चक्रे गेली, आणि उरलेल्या वर्षांपुरतेच दिवस मोजा. मी करून पाहिले. तेव्हा शक १९४६ चालू होता. त्यातून १४४२ गेले, राहिले ५०४. अकराने भागून आली ४५ चक्रे आणि उरली ९ वर्षे. म्हणजे तेव्हा गणेशाच्या पोथीचे सेहेचाळिसावे चक्र चालू होते. गणितात मला दहावीला बेताचेच गुण होते, पण हे मला जमले! शिवाय त्याने ज्या आणि चाप, म्हणजे त्रिकोणमितीची कोष्टके, ग्रंथातून काढूनच टाकली आणि त्यांच्याशिवाय उत्तर पुरेसे बरोबर येईल अशा रीती बसविल्या. दीक्षितांनी पुढे आधुनिक गणिताशी त्याचे ग्रह ताडून पाहिले आणि त्याची वाखाणणी केली.

१५२५ मध्ये त्याने तिथिचिंतामणी केला. ही तिथी, नक्षत्र आणि योग काढण्याची तयार कोष्टके. वर्षाचे पंचांग करायचे काम त्याने इतके हलके झाले की गावोगावच्या जोश्यांनी तो उचलून धरला. माझ्या आजोबांना लिहिता वाचता येत नव्हते, पण त्यांना तिथी रोज पाठ असे, कारण त्यांना भरती हवी असायची. तिथीची पाऊणपट करायची की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीला भांग. या हिशेबावर ते खाडीवर जात. तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकायला लागणारा काळ, हे मला कॉलेजात आल्यावर समजले. आजोबांना ते पुस्तकातून कधी समजले नाही, पण त्यांची बोटे चुकत नसत. गणेशही समुद्रकाठचाच. त्यानेही भरती पाहिली असेलच.

त्याच्या भोवतीचे जगही उलथत होते. तो वर्षाचा असताना, १५०८ मध्ये, चौलच्या समुद्रात पोर्तुगीजांची आणि इजिप्त-गुजरातच्या आरमाराची लढाई झाली. ग्रहलाघवानंतरच्या वर्षी पोर्तुगीज चौलला कोट बांधू लागले. दूर पोलंडात कोपर्निकस सूर्य मध्ये ठेवून गणित मांडीत होता. त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये छापला. गणेशाची पृथ्वी मात्र मध्येच राहिली. ते लपविण्यात अर्थ नाही. त्याने चौकट बदलली नाही, चौकटीतले आकडे खरे केले.

१५४५ साली त्याने भास्कराचार्यांच्या लीलावतीवर बुद्धिविलासिनी नावाची टीका लिहिली. मला ती फार आवडली, म्हणजे तिच्याविषयी जे वाचले ते. भास्कराचार्य नियम देतात. हा तो नियम का खरा ते दाखवितो. वर्तुळाचे क्षेत्रफळ कसे काढावे? वर्तुळाचे दोन सारखे भाग करा. प्रत्येक अर्ध्याचे मध्यापासून कडेपर्यंत बारीक फाके पाडा आणि कडेची रेघ सरळ करा. सुयांच्या दोन रांगा दिसतील. एका रांगेच्या सुया दुसरीच्या फटींत बसवा, की आयत तयार. त्याची लांबी अर्धा परीघ, रुंदी अर्धा व्यास. मी हे आईला तांदळाच्या भाकरीवर करून दाखविले. भाकरी चुरली आणि बोलणी बसली, पण आईला समजले. तिने सातवीत शाळा सोडली होती.

आता जे मला अवघड गेले ते सांगते. इथवर वाचून मी गणेशाला मनात अगदी आपल्या बाजूचा करून टाकला होता. मला वाटले, हा पत्रिकेच्या विरुद्ध उभा राहील. तसे नाही. तो दैवज्ञच होता. वडिलांच्या मुहूर्तग्रंथावर त्याने टीका लिहिली. १५५२ मध्ये मोठा तिथिचिंतामणी केला आणि १५५४ मध्ये विवाहवृंदावन या ग्रंथावर टीका केली, म्हणजे लग्नाच्या मुहूर्तांवरच. श्राद्धाचा, जन्माष्टमीचा, होळीचा निर्णय कसा करावा हेही त्याने लिहिले. त्याचा भाऊ अनंत जातकावर लिहिणारा. घरची भाकरीच त्या धंद्यावर होती. मला राग आला. एवढे पाहणारा माणूस, त्याला कसे सुचले नाही की ग्रह कुठे आहे हे पाहता येते, पण तो ताईच्या संसाराचे काय करील हे कुठल्या रात्री, कुठल्या ग्रहणाला ताडून पाहायचे? मी सरांना हे विचारले. सर म्हणाले की पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आपले प्रश्न विचारू नयेत, त्याने स्वतःला विचारलेले प्रश्न पाहावेत. मला हे पूर्ण पटले नाही. तरी लिहून ठेवते.

त्याची पोथी पुढे खूप चालली. त्याचा शिष्य दिवाकर गोदाकाठच्या गोलग्रामचा. त्या घराण्यातली माणसे काशीला गेली आणि तिथे दिवाकराचे मुलगे मल्लारी आणि विश्वनाथ यांनी १६०२ आणि १६१२ मध्ये ग्रहलाघवावर टीका केल्या. महाराष्ट्रात, गुजरातेत, कर्नाटकात तीनशेहून अधिक वर्षे पंचांगे या पोथीवरून होत राहिली. पाडव्याला जोशी जे पंचांग वाचून दाखवीत त्यातली तिथी बहुधा नांदगावच्या कोष्टकांतली असे. आणि इथेच घोटाळा झाला असे मला वाटते. पोथी इतकी सोपी की ती वापरायला आकाशाकडे पाहावेच लागत नाही. केशवांनी सांगून ठेवले होते की पुन्हा पाहा, पुन्हा दुरुस्त करा. पाहणारे थोडे निघाले, पाठ करणारे पुष्कळ. एकोणिसाव्या शतकापर्यंत फरक इतका साठला की त्याच किनाऱ्यावरच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची नवी कोष्टके काढली आणि १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. त्यावर वाद झाला, आणि तो पुढे कित्येक वर्षे चालला. विरोध करणारे नव्या पंचांगाविरुद्ध पुढे करीत होते ते ग्रहलाघवच, म्हणजे ज्याने स्वतः तीन पोथ्या दुरुस्त केल्या त्याचीच पोथी! आज कॅलेंडरात छापली जाणारी ग्रहणाची मिनिटे आधुनिक गणिताची आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना नांदगावला न्यायला लावले. कारण सांगितले देवदर्शनाचे. ते खोटे नव्हते. पनवेलहून पेण, अलिबाग, रेवदंडा करीत एस.टी.ने जवळजवळ सारी सकाळ गेली. सिद्धिविनायकाचे दर्शन घेतले. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून समुद्रावर गेलो. बाबा वाळूत बसले आणि मी त्यांना सगळे सांगितले. पत्ता, रमल, शनीचे पाच अंश, नऊ कला. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारले की मंगळ त्याने कुठून घेतला? मी म्हटले, आर्यभटाच्या परंपरेतून, पण आकाशात पाहून, जुळतो याची खात्री करून. ते काही बोलले नाहीत. वाळूत बोटाने रेघा मारीत राहिले.

परत आल्यावर मी एक साधा हिशेब केला. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की मुलगी मंगळाची. बारा घरांतली पाच. म्हणजे साठ जणांच्या वर्गात सुमारे पंचवीस जण मंगळाचे निघायला हवेत! आणि घरे मोजायची ती लग्नापासून, जे साधारण दोन तासांनी बदलते. ताईची जन्मवेळ पत्रिका करताना आईने सांगितली ती अशी, की नळाला पाणी आले होते. पाणी कधी पाचला येई, कधी साडेसहाला. गणेशाने पाऊण घटकेसाठी चंद्र सुधारला आणि आम्ही नळाच्या पाण्यावर मंगळ आठव्या घरात बसविला.

हे सारे मी घरात बोलून दाखविले तेव्हा आजी म्हणाली की बोलतेस खरी, पण तो मंगळ आहे कुठे? दाखव. खरेच, आमच्या घरात कुणी मंगळ पाहिला नव्हता. ज्याच्यामुळे सुपारी परत गेली तो कसा दिसतो हे ना ताईला ठाऊक, ना बाबांना, ना मला.

२०२५ च्या जानेवारीत तो ठळक दिसत होता. खारघरच्या इमारतींचा उजेड खूप, पण आमच्या गच्चीवरून पूर्वेचे आकाश थोडे मोकळे आहे. रात्री जेवणे झाल्यावर मी आणि ताई वर गेलो. पुनर्वसूचे दोन तारे सापडले आणि त्यांच्या जवळ तांबूस, न लुकलुकणारा तो. ताई बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, एवढासा तर आहे. १७ जानेवारीच्या सुमारास तो त्या दोन ताऱ्यांच्या रांगेत आला आणि नंतर रांग मोडून मागे मागे जाऊ लागला, कारण तो वक्री होता. ताईने वहीत रोजचा ठिपका मारायला सुरुवात केली. दोन तारे पक्के आणि तिसरा ठिपका दर रात्री थोडा सरकलेला.

एके रात्री बाबा गच्चीवर आले. ताईने वही दाखविली, मग बोटाने वर दाखविले. बाबांनी विचारले, हा किती दिवस उलटा चालणार? मी सांगितले, २४ फेब्रुवारीपर्यंत, मग पुन्हा सरळ. त्यांनी मान हलविली आणि खाली गेले. तृतीय वर्षाच्या फॉर्मविषयी ते अजून होयही म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मात्र २४ तारखेच्या रात्री ताईला जागे करून वर तेच घेऊन गेले, आणि त्या रात्रीचा ठिपका वहीत बाबांच्या हातचा आहे, जरा मोठा आणि रेघेच्या बाहेर.